भोंग्याची वाटी

जबलपूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "भेडाघाट कसा वाटला?" मी भेडाघाट पाहिला नाही. संगमरवराचे कडे, धबधबा, नावेतली फेरी, यातलं काहीही पाहिलं नाही. मी पाहिले ते जबलपूरकरांचे स्वयंपाकाचे ओटे, आणि तेही प्रकाशच्या स्कूटरवर मागे बसून, एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेली जात असताना. प्रकाश हा माझा मामेभाऊ. ज्यांना नर्मदेचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

मी खाण्याच्या पदार्थांच्या नावांवर लिहिते. कुठल्या पदार्थाला काय म्हणतात, का म्हणतात, असलं एक सदर रविवारच्या पुरवणीत चालवते. त्यामुळे घरच्यांचा असा समज आहे की कुठल्याही पदार्थाचं नाव घेतलं की मी त्याची कुंडली मांडून देते.

या हिवाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आणि तिचं जेवण तुटलं. रागावून किंवा हट्टानं नव्हे. ताट समोर आलं की ती त्याच्याकडे बघायची, दोन घास चिवडायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. उठून उभं राहा म्हटलं तर डोळे मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. माझी बहीण आणि मी खिमट, शिरा, सूप, मऊ भात, सगळं आळीपाळीनं करून दमलो. शेवटी मी वैतागून विचारलं, "मग तुला खायचंय तरी काय?"

"भोंगा," आई म्हणाली.

"भोंगा म्हणजे?"

"भोंगा म्हणजे भोंगा. खमरियाचा." आणि पुन्हा भिंत.

आई खमरियाची. आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला गेले, आणि आई खमरियाच्या क्वार्टरमध्ये वाढली, ती लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत. तेव्हा नावाचं मूळ शोधायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. कारखान्याची पाळी सुटली की भोंगा वाजत असणार, आणि त्या वेळी जे खायचे त्याला भोंगा म्हणत असणार. माझ्या धंद्यात एरवी उलटं असतं. पदार्थ ताटात असतो आणि नाव कुठून आलं ते सापडत नाही. इथं नाव लख्ख होतं आणि पदार्थाचाच पत्ता नव्हता.

मी प्रकाशला फोन केला. तो म्हणाला, "अरे, भोंगा! पाटोडीचा रस्सा, ताई. आणखी काय?" पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. मी केला. आईनं ताट सरकवलं. मी पुन्हा फोन केला. मागून सुनीता वहिनी ओरडली, की रस्सा नव्हे, वांग्याची भाजी. मी वांगी केली. ताट पुन्हा सरकलं. तिसऱ्या फोनला प्रकाश म्हणाला, "ताई, फोनवर नाही जमत. तू येऊनच जा."

फोनवर न जमण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण आईला बहिणीच्या स्वाधीन करून मी निघाले.

स्टेशन ते खमरिया

गाडीतून उतरले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. प्रकाश कानटोपी घालून उभा होता. त्यानं माझी बॅग घेतली आणि म्हणाला, "चलो ताई, पहिले नाश्ता."

"आधी घरी जाऊ."

"घरी तर जायचंच आहे. घर काय पळून राहिलं?"

तर पोहे-जलेबी. एकाच कागदावर तिखट पोहे आणि त्यांना टेकून पाकाची जलेबी. खायला वाईट नव्हते, हे मान्य करते. पण प्रकाश खाताना गप्प बसत नाही. मी पदार्थांच्या नावांवर लिहिते हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि मला मदत करायची असं त्यानं मनावर घेतलं होतं.

"ताई, जलेबीला जलेबी काहून म्हणतात माहीत आहे? जल म्हणजे पाणी. पाण्यासारखी पातळ लेवी. जल-लेवी. जलेबी."

"तो शब्द अरबी-फारसीतून आलाय, प्रकाश. जुलाबिया."

"तसं पुस्तकात लिहीत असतील," तो मोठ्या मनानं म्हणाला, आणि पोहेवाल्याला दोन जलेब्या जास्तीच्या घालायला सांगितल्या.

घरी गेलो. प्रकाशचं क्वार्टर खमरियाच्या वस्तीतच आहे, आजोबांच्या जुन्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या टाकून. मी मनात ठरवून गेले होते की जबलपूरला गक्कड-भर्ता खायचा. गक्कड म्हणजे शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, आणि बरोबर भाजलेल्या वांग्याचं भरीत. वांग्याला तिकडे भटा म्हणतात. आपल्या विदर्भातले रोडगे आणि हे गक्कड भाऊ-भाऊ असावेत अशी माझी शंका होती, आणि त्यावर एक सदर सहज निघालं असतं. हातपाय धुऊन पाटावर बसले, तर ताटात साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ आणि पाकिटातलं श्रीखंड.

"तुमच्यासाठी मुद्दाम शिकली मी, मोबाइलवर पाहून," सुनीता वहिनी म्हणाली. "पुण्याच्या माणसाला आपलं तिखट काय चालते?"

थालीपीठ मधोमध कच्चं होतं. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी वडापाव होता. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि तीसुद्धा शेजारच्या घरी, कारण पुण्याची पाहुणी आली आहे ही बातमी गल्लीभर झाली होती. मी ज्या-ज्या घरी गेले तिथं मला माझ्याच गावचं जेवण मिळालं, पुण्यात कोणी करणार नाही इतकं गोड करून. "मला तुमचं रोजचं द्या हो," असं मी काकुळतीनं म्हणायची. तो सगळ्यांना विनय वाटायचा. आमच्या पुण्यात पाहुण्याला जेवून आलात का असं विचारतात आणि त्यावर सगळे हसतात. मी तिथं बसून त्या प्रश्नासाठी आसुसले होते.

भोंग्याचा विषय काढला की मात्र नवरा-बायकोची जुंपायची.

"पाटोडीच," प्रकाश म्हणायचा. "माझी आई स्वतः सांगत होती."

"माझंही माहेर इथलंच आहे. आमच्या गल्लीत भोंगा म्हणजे वांगे, आणि वरून भात. तुम्ही काहून खोटं सांगून राहिले ताईंना?"

"अच्छा, म्हणजे माझी आई खोटी?"

मी दोन्ही करून पाहिलंय, आईनं दोन्ही नाकारलंय, हे मी सांगत होते. ते कोणी ऐकत नव्हतं. रात्री बहिणीचा फोन आला. आईनं दिवसभरात अर्धा कप चहा घेतला होता.

सराफा

खरं उत्तर एकाच व्यक्तीकडे असणार होतं, आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईच्या शेजारच्या क्वार्टरमधली तिची मैत्रीण, शांता मावशी. ती अजून खमरियातच असते, मुलाजवळ. पण नेमकी लेकीकडे कटनीला गेली होती. तिला फोनवर ऐकू येत नाही. "उद्या येते," असं तिचा मुलगा रोज सांगायचा. तो उद्या येईपर्यंत मला कुठंतरी गुंतवून ठेवायचं काम प्रकाशनं रजा टाकून अंगावर घेतलं.

म्हणून सराफा. सोन्याचांदीच्या दुकानांच्या जुन्या गल्ल्या, इतक्या अरुंद की समोरून दुसरी स्कूटर आली की कोणीतरी एकानं पाय उचलायचे. मी दागिने बघायला थांबले, तर प्रकाशनं मला ओढत खोव्याच्या जलेबीपाशी नेलं. ही जबलपूरची खासियत. दिसायला काळपट, बोटाएवढी जाड, खव्याची, आणि पाकात इतकी मुरलेली की एक खाल्ली की दुपारचं जेवण झालंच. चव मात्र उत्तम, ते मी रागातसुद्धा सांगते.

"ही काळी काहून झाली, त्याची गोष्ट आहे," प्रकाश म्हणाला.

ती गोष्ट त्यानं एक सांगितली, दुकानदारानं दुसरी, आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं, कोणी विचारलं नसताना, तिसरी. प्रकाशच्या गोष्टीत एक राजा होता. दुकानदाराच्या गोष्टीत एक इंग्रज साहेब होता. गिऱ्हाइकाच्या गोष्टीत उपासाचा दिवस होता आणि आचाऱ्याच्या हातून कढई जास्त तापली होती. इतकी वर्षं हे काम करून माझी एक खात्री झाली आहे. या देशातले निम्मे पदार्थ आचाऱ्याच्या चुकीतून जन्माला येतात, आणि उरलेल्या निम्म्यांना कोणीतरी साहेब खूश होऊन नाव देतो. घरात रोज रांधणाऱ्या बाईनं मुद्दाम, शुद्धीत असताना एखादा पदार्थ केला, असं कोणी सांगत नाही.

"आणि फुल्की?" प्रकाश थांबायला तयार नव्हता. फुल्की म्हणजे आपली पाणीपुरी. "तिकडे नागपूरला गुपचुप म्हणतात. काहून? कारण तोंडात टाकली की माणूस गुपचुप होते."

"मग तू खा एक," मी म्हणाले.

त्यानं खाल्ल्या. गप्प काही झाला नाही.

सिविल लाइंस

शांता मावशी तरीही आली नव्हती. तेव्हा प्रकाशच्या डोक्यातून निघालं की सिविल लाइंसमध्ये एक मराठी काका आहेत, मोठे अधिकारी होते, फार व्यासंगी, त्यांना विचारू. "ते भोसल्यांच्या जमान्यापासूनचे आहेत," असं तो म्हणाला. म्हणजे त्यांचं घराणं.

बंगला मोठा होता, झाडं त्याहून मोठी. काका शाल पांघरून व्हरांड्यात बसले होते. मी भोंग्याचं विचारलं. ते प्रसन्न झाले.

"अच्छा, अच्छा. नावांचा अभ्यास! फार छान. आता असं बघा, आमचे पूर्वज इथं आले तेव्हा..."

पूर्वज निघाले, नर्मदा ओलांडली, नोकरीत रुजू झाले, वतनं मिळाली. चहा आला. काकांनी आमटीवर बोलायला सुरुवात केली. त्यांच्या घरी अजून गोड्या मसाल्याची आमटी होते, चिंच-गुळाची, आणि इतक्या पिढ्यांत तिला इकडचं पाणी लागू दिलेलं नाही. नातवंडांना मराठी कळतं पण बोलता येत नाही, मात्र आमटी बरोबर ओळखतात. मी मान डोलावली. मग कढी, मग अळूचं फतफतं. काकांची स्मरणशक्ती अफाट होती, आणि तिच्यातलं काहीच माझ्या उपयोगाचं नव्हतं.

"आणि भोंगा?" पोहे समोर आले तशी मी पुन्हा विचारलं.

"ते खमरियाकडचं असेल," काका म्हणाले. "कामगार लोकांचं. आपल्याकडे तसं काही नव्हतं. आपलं त्यांच्याकडे जाणं-येणं, खाणं-पिणं नव्हतं ना." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आणि माझ्या पोह्यांवर स्वतःच्या हातानं खोबरं घातलं.

ते 'आपलं' या शब्दात मलाही धरत होते. आम्ही बौद्ध, आणि माझी आई त्याच खमरियाची, तिथल्या बुद्धविहारात जात वाढलेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा, चांगलंय," आणि पुन्हा पूर्वजांकडे वळले. पोहे मी ठेवून उठले. भूक नव्हती म्हणून, असं प्रकाशला वाटलं.

परत येताना मी स्कूटरवर त्याला म्हणाले, "उद्या मावशी आली नाही तर मी कटनीला जाते."

"कटनीला चाट चांगली मिळते, ताई."

मी हात टेकले.

खमरिया, मागचं दार

शांता मावशी आली. गोरी, वाळकी, मोठा चष्मा, कानाशी जाऊन बोलावं लागतं. तिच्या मुलाच्या क्वार्टरमागं छोटं अंगण आहे, तिथं दुपारच्या उन्हात ती बाजेवर बसली होती. शेजारी आणखी एक म्हातारी मटार सोलत होती. तिची ओळख मावशीनं नुसतं "ये दुबे चाची" इतकी करून दिली. पूर्वी याच रांगेत राहायच्या, आता वस्तीबाहेर घर आहे, पण उन्हाला रोज इथंच येऊन बसतात. चाचींनी मान हलवली आणि मटार सोलत राहिल्या.

मी मावशीच्या कानाशी जाऊन ओरडले, "मावशी, भोंगा कसा करतात?"

मावशी हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बाई, भोंगा कोणी करत असते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे करत नाही. येते." आणि तिनं सांगितलं.

तेव्हा एका घरात एक शेगडी आणि एकच भाजी. कोणाकडे पाटोडी, कोणाकडे वांगं, कोणाकडे नुसती डाळ. संध्याकाळचा भोंगा वाजला की माणसं सुटायची आणि बायका मागच्या दारांनी निघायच्या. प्रत्येकीच्या हातात आपापल्या भाजीची वाटी. ही तिच्या घरी, ती हिच्या घरी. आणि दुसऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही, काही ना काही घालूनच द्यायची. माणसं सायकलीवरून घरी पोचेपर्यंत प्रत्येक घरात रांगेतल्या सगळ्या घरांचं थोडं-थोडं आलेलं असायचं. मराठी, बंगाली, तेलुगू, इकडचे हिंदीवाले, सगळ्यांचं. मुलं ते भातावर ओतून कालवून खायची. त्याला मराठी घरांतली मुलं भोंगा म्हणायची.

"प्रकाशच्या घरून पाटोडी जायची, म्हणून तो पाटोडी म्हणते. सुनीताच्या गल्लीत वांगे. दोघं खरेच आहेत." मावशीनं चष्मा चढवला. "मग गॅस आला, कुकर आले, लोक दार लावून जेवायला लागले. प्रकाशला काय माहीत? तो लहान होता."

माझं पित्त खवळलं. इतके दिवस मी कच्चं थालीपीठ आणि पाकिटातलं श्रीखंड गिळत होते, राजे आणि साहेब ऐकत होते, आणि तिकडे आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि उत्तर काय, तर असा पदार्थच नाही. "मग मी तिला काय देऊ?" मी ओरडले. मावशीला ऐकू यावं म्हणून नव्हे, नुसतीच ओरडले. "ती खात नाहीये, मावशी. नळी घालतील तिला." आणि मला रडू आलं. रागानं आलं होतं, आणि फार भीती वाटत होती म्हणूनही.

मटारांचा आवाज थांबला. "किसकी बिटिया है?" दुबे चाचींनी विचारलं.

"कुसुमची," मावशी म्हणाली.

चाचींनी मांडीवरची परात खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं, मग अंगणाच्या दाराकडे. "अकेले कैसे खाएगी," त्या म्हणाल्या. "उसने तो कभी अकेले खाया ही नहीं."

मला कळलं नाही. त्या सांगत गेल्या, खालच्या आवाजात, मधेमधे थांबत.

"हम नए-नए ब्याह के आए थे. तुम्हारी नानी की कटोरी हमारी सास ले लेती थीं. मना नहीं करती थीं. पर चौके में नहीं जाने देती थीं. पीछे ले जाकर गैया को डाल देतीं, और कटोरी में अपनी सब्जी भरकर लौटा देतीं." त्यांनी पदर सारखा केला. "हमको भूख बहुत लगती थी. हम पिछवाड़े निकल आते. कुसुम अपनी थाली लेकर वहीं खड़ी रहती. उसी में से दोनों खाते थे, खड़े-खड़े. बैठ जाते तो देर हो जाती, सास आवाज लगा देतीं."

"आईला माहीत होतं?" मी विचारलं. "गाईचं?"

"सब मालूम था. तभी तो थाली में भात ज्यादा लाती थी."

शांता मावशीनं खाली ठेवलेली परात स्वतःकडे ओढली. तिला कितपत ऐकू आलं होतं कोण जाणे. मला आईचा राग आला. इतक्या वर्षांत तिनं दुबे हे नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नव्हतं. आणि मग स्वयंपाकघरात उभ्यानं जेवणारी आई आठवली. "बस की ग जरा," असं आम्ही तिला जन्मभर सांगत आलो, आणि ती कधी बसली नाही.

निघायच्या दिवशी सुनीता वहिनीच्या ओट्यावर डबे जमायला लागले. कोरडी पाटोडी, वांगं, शांता मावशीचा झुणका, रांगेतल्या एका बंगाली बाईंची चण्याची घट्ट डाळ. मला पुणेरी जेवायला घालणाऱ्या याच बायका होत्या. आपलं रोजचं दुसऱ्या कोणासाठी द्यायचं म्हटल्यावर त्यांना काडीचा संकोच वाटला नाही. सगळ्यात शेवटी दुबे चाची स्वतः चालत आल्या. स्टीलची जुनी वाटी, वर ताटली, फडक्यात घट्ट बांधलेली. आत मंगोड्यांची सुकी भाजी, म्हणजे मुगाची भजी मसाल्यात परतलेली. वाटीच्या काठाला टिंबाटिंबांनी दुबे असं कोरलेलं होतं.

"कुसुम से कहना, कटोरी वापस भेजे," त्या म्हणाल्या.

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा प्रकाश कुठून तरी धावत आला आणि खिडकीतून एक गरम पुडकं माझ्या मांडीवर टाकलं. गक्कड-भर्ता. "ताई, गक्कड काहून म्हणतात माहीत आहे?" तो फलाटावरून पळत ओरडत होता. गाडीनं वेग घेतला, त्याबद्दल मी ड्रायव्हरची आभारी आहे. रोडग्याला आत पापुद्रे असतात, गक्कड सरळ गोळा असतो. बाकी भाऊ-भाऊच. खाताना भरीत शालीवर सांडलं, तो डाग अजून निघालेला नाही.

पुणे

घरी पोचले तशी आंघोळही न करता भात लावला. थंडीनं डबे चांगले राहिले होते, फक्त झुणक्याला किंचित वास येत होता, तो मी बाजूला ठेवला. ताटात भात घातला, त्यावर सगळं थोडं-थोडं, आणि दुबे चाचींची वाटी तशीच कडेला ठेवून आईच्या खोलीत गेले.

आईनं ताटाकडे पाहिलं नाही. वाटीकडे पाहिलं. हात लांबवून काठावरची अक्षरं बोटानं चाचपली.

"आहे अजून ती?" तिनं विचारलं.

"आहे. मटार सोलते रोज उन्हात बसून."

आईनं वाटी स्वतःकडे ओढून घेतली. मी घास कालवून तिच्या तोंडापाशी नेला. तिनं माझा हात बाजूला केला, आणि माझा धीर सुटायच्या बेताला आला तेवढ्यात म्हणाली, "मला उभी कर."

"आधी दोन घास खा, मग..."

"भोंगा काय पडून खातात? उभी कर मला."

बहिणीनं एकीकडून धरलं, मी दुसरीकडून. वॉकर पुढं ओढला. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा स्वतःच्या मनानं उभी राहिली. आम्ही तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत नेलं, कारण तिला तिथंच जायचं होतं. एक हात वॉकरवर ठेवून दुसऱ्या हातानं ती जेवली. हळूहळू, पण जेवली. मधेच तिनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बघत काय बसलीस? तू पण घे." मग मी आणि बहीण त्याच ताटात जेवलो. तिघींचा खरकटा हात, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही, अशी आमची अवस्था झाली.

"पाटोडीला मीठ कमी आहे," आई म्हणाली. "आणि शांताचा झुणका कुठाय?"

"वास येत होता."

"तुला सगळ्याचाच वास येतो."

तीन आठवडे झाले. आई जेवते. फार नाही, पण नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलेलं नाही. रोज मागच्या दारापर्यंत चालते, आणि जेवताना कोणीतरी बरोबर लागतं. मी हे सगळं सदरात लिहिणार होते, पण भोंगा या पदार्थाची कृती काय द्यायची, ते मला सुचलेलं नाही.

वाटी मी घासून, पुसून, कुरियरनं पाठवायला खोक्यात ठेवली होती. आईनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "रिकामी? दुबाइनला रिकामी कटोरी पाठवतेस?" तेव्हापासून ती स्टुलावर बसून मला मेथीच्या वड्या शिकवते आहे. पहिल्या दोन खेपा तिला पसंत पडल्या नाहीत. तिसऱ्या खेपेच्या परवा होतील, आणि कुरियरवर तिचा विश्वास नाही. म्हणून परवाच्या गाडीनं मी पुन्हा जबलपूरला चालले आहे, मांडीवर वाटी घेऊन. भेडाघाट या वेळी तरी बघून ये, असं सगळे सांगताहेत. पण मला चांगलं ठाऊक आहे की दुबे चाची वाटीतल्या वड्या काढून घेतील, वाटी धुतील, आणि मला म्हणतील, जरा ठहरो.